समान वेतन : दान नव्हे, देणे

आत्म्याला स्त्री-पुरुष हा भेद नसतो, हे आपण सत्संगात वारंवार ऐकतो आणि मनापासून मान्यही करतो. परंतु पगाराचा तक्ता तयार होतो, बढतीची यादी लागते, कंपनीचा पुढचा प्रमुख कोण याची चर्चा होते, तेव्हा हा विचार आपल्या सोबत असतो का? जगातल्या बहुतेक देशांत स्त्रियांची सरासरी कमाई पुरुषांपेक्षा कमी आहे. जसजसे वरच्या पदांकडे पाहावे, तसतशा तिथे स्त्रिया कमी दिसतात. भारतही याला अपवाद नाही.

साधकांमध्ये हा विषय निघाला की साधारणपणे दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. काही जण म्हणतात, "हा अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा प्रश्न आहे, अध्यात्माशी त्याचा काय संबंध?" काही जण म्हणतात, "फळाची आसक्ती सोडून कर्म करावे अशी शिकवण असताना पगाराची तुलना कशाला करायची?" दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत, म्हणूनच त्यांचा शांतपणे विचार व्हायला हवा. मी वाणिज्य शाखेत शिकते. त्यामुळे आधी हिशेब समजून घेऊ आणि मग त्यामागचा धर्म पाहू.

समान काम म्हणजे काय?

स्त्री आणि पुरुष दोघांनाही समान कामासाठी समान वेतन मिळावे, हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३९ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. त्यासाठी १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाला. कायदा वाचायला सोपा आहे, पण व्यवहारात "समान काम" या दोन शब्दांवरच वाद होतो.

मुंबईतल्या एका खटल्यात हे स्पष्ट दिसते. मॅकिनन मॅकेन्झी ही जहाज व्यवसायातली जुनी कंपनी. तिथे ऑड्री डिकॉस्टा लघुलेखिका होत्या. त्यांच्या पदाचे नावच "कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर" असे होते. त्याच कंपनीत पुरुष लघुलेखकांना त्यांच्याहून जास्त पगार होता, म्हणून डिकॉस्टा यांनी दाद मागितली. कंपनीचे म्हणणे असे होते, की लघुलेखिका वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे काम करतात आणि पुरुष सर्वसाधारण विभागात, त्यामुळे दोघांचे काम एकसारखे नाही. शिवाय पगार कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार ठरले आहेत आणि जास्त देण्याची कंपनीची ऐपत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ मध्ये निकाल लागला. नाव वेगळे असले तरी कामाचे स्वरूप तेच असेल तर स्त्रीला कमी पगार देता येणार नाही, करार कायद्यापेक्षा मोठा नाही आणि ऐपत नाही हे कारणही चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

यातला शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. हिशेबाच्या वहीत देणगी आणि देणे ही दोन वेगळी खाती असतात. देणगी नफा झाला तर द्यावी, इच्छा झाली तर द्यावी, आणि दिली तर पुण्य मानावे. देणे मात्र तोट्यातही देणेच राहते. ते फेडल्याबद्दल कोणी आपले कौतुक करावे अशी अपेक्षा आपण ठेवत नाही. न्यायालयाने समान वेतन देणगीच्या खात्यातून काढून देण्याच्या खात्यात लिहिले. आपल्या मनात मात्र अजूनही ते बहुतेक वेळा देणगीच्याच खात्यात असते. "आमच्याकडे आम्ही मुलींनाही चांगला पगार देतो" या वाक्यातला तो "ही" नीट ऐकला की हे लक्षात येते.

दर समान, तरी मिळकत असमान

दर समान झाला की प्रश्न संपतो असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने करारबद्ध महिला खेळाडूंना पुरुषांइतकेच सामन्याचे मानधन जाहीर केले. कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि टी-ट्वेंटीसाठी ३ लाख रुपये. निर्णय चांगलाच होता. पण मानधन सामन्यागणिक मिळते. पुरुषांचा संघ वर्षभरात अनेक कसोटी सामने खेळतो, तर महिला संघाला एखादे वर्ष एकही कसोटी न खेळता काढावे लागते. दर एक झाला तरी वर्षाची मिळकत एक होत नाही, कारण संधी एक नाही.

कार्यालयातही असेच घडते, फक्त ते इतके उघड दिसत नाही. एक साधा हिशेब करू. समजा, दोघे जण एकाच दिवशी एकाच कामावर लागले. एकाला महिना ३०,००० रुपये मिळाले आणि दुसरीला २७,०००. पुढे दोघांनाही दरवर्षी अगदी सारखी, ८ टक्के पगारवाढ मिळाली, कुठेही पक्षपात झाला नाही. तरी २० वर्षांनी त्याचा पगार सुमारे १ लाख ४० हजार असेल आणि तिचा सुमारे १ लाख २६ हजार. सुरुवातीचा तीन हजारांचा फरक महिन्याला चौदा हजारांचा झाला. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही पगारावरच मोजली जात असल्याने तो फरक निवृत्तीपर्यंत सोबत येतो. मधल्या काळात तिने नोकरी बदलली, तर नव्या ठिकाणी आधी मागच्या पगाराची पावती मागतात आणि त्यावर काही टक्के वाढवून नवा पगार ठरवतात. म्हणजे पहिल्या दिवशी झालेला फरक नव्या मालकाकडेही जातो. यात नव्या मालकाचा हेतू वाईट नसतो. तो फक्त मागचा आकडा पुढे ओढतो.

वेळेचा हिशेब

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या कामाची आणि कमाईची दोनशेहून अधिक वर्षांची माहिती जुन्या कागदपत्रांतून गोळा केली. पूर्वी वेतनातल्या फरकाचे कारण मोठ्या प्रमाणात शिक्षण आणि व्यवसायाची निवड हे होते. आता शिक्षणात मुली मागे नाहीत, तरी एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांत फरक राहतो आणि तो मुख्यतः पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर वाढतो, असे त्यांना दिसले.

त्यामागचे कारण त्यांनी असे मांडले आहे. काही नोकऱ्या कामाइतकाच मोबदला देत नाहीत, हवे तेव्हा हजर राहण्यालाही मोठी किंमत देतात. रात्री फोन आला तरी उचलायचा, अचानक दौरा निघाला तरी जायचे, रविवारीही उपलब्ध राहायचे. अशी नोकरी दुप्पट वेळ घेते आणि दुपटीहून जास्त देते. घरात लहान मूल असेल तर दोघेही अशी नोकरी करू शकत नाहीत. एकाला घरच्या फोनसाठी मोकळे राहावे लागते. बहुतेक घरांत ते कोण राहते, हे सांगण्याची गरज नाही.

आपल्या देशाचे आकडे याला दुजोरा देतात. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. हा फरक ३ तास २१ मिनिटांचा आहे. पुरुषाला हे तास रोज मोकळे मिळतात. त्यात तो कामावर जास्त थांबू शकतो, परीक्षेचा अभ्यास करू शकतो, ग्राहकांना भेटू शकतो. पुढे त्याला बढती मिळते तेव्हा ती त्याच्या कष्टाची असते, यात शंका नाही. पण त्या कष्टांसाठी लागणारा वेळ कोणीतरी दिलेला असतो आणि त्या वेळेची नोंद कुठल्याच वहीत नसते.

हे अटळ आहे असेही नाही. गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचा, म्हणजे फार्मसिस्टांचा अभ्यास केला. पूर्वी तिथे एकट्याच्या मालकीची छोटी दुकाने होती. नंतर मोठ्या साखळ्या आणि रुग्णालयांतली औषधालये आली, रुग्णांच्या नोंदी संगणकावर गेल्या, आणि एका फार्मसिस्टचे काम दुसरा सहज पुढे नेऊ लागला. त्यामुळे कमी तास काम करणाऱ्यावर दर तासामागे होणारा अन्याय जवळजवळ नाहीसा झाला आणि स्त्री-पुरुषांच्या वेतनातला फरकही पुष्कळ कमी झाला. कामाची रचना माणसांनीच केलेली असते, म्हणून ती बदलताही येते.

काळजीपोटी होणारा अन्याय

हा सगळा फरक स्त्रियांचा द्वेष करणाऱ्यांनी निर्माण केला असता, तर त्याच्याशी लढणे सोपे होते. पण तो बऱ्याचदा चांगल्या मनाच्या माणसांकडून, काळजीपोटी होतो. "तिचे बाळ लहान आहे, तिला दूरच्या शाखेत कशाला पाठवायचे?" "कारखान्यातली पाळी तिला झेपणार नाही." "रात्रीचा प्रवास आहे, दुसऱ्याला पाठवू." प्रत्येक वाक्यात माया आहे. पण यातल्या एकाही वेळी तिला विचारलेले नसते.

सुधा मूर्ती यांनी स्वतः लिहिलेली आठवण सर्वांना ठाऊक आहे. १९७४ च्या सुमारास बंगळूरला शिकत असताना त्यांनी टेल्कोची जाहिरात पाहिली. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे तिच्यात लिहिले होते. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवले. त्यांना पुण्याला मुलाखतीला बोलावले गेले आणि नोकरीही मिळाली. आपण ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. अभियांत्रिकी कंपनीच्या प्रमुखपदापर्यंत जाणारा रस्ता बहुधा कारखान्यातून, विक्रीतून किंवा वित्त विभागातून जातो. तेविसाव्या वर्षी कारखान्याचे दार बंद असेल, तर पन्नासाव्या वर्षी प्रमुखपदासाठी नाव कुठून येणार? मग निवड समिती खऱ्या खेदाने म्हणते, "योग्य अनुभव असलेली स्त्री मिळालीच नाही." समिती खोटे बोलत नसते. तो अनुभव कोणी आणि कधी नाकारला, एवढेच ती विचारत नाही.

कायद्याने वरून दार उघडण्याचा प्रयत्न केला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या आणि ठरावीक आकारापुढच्या इतर सार्वजनिक कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. तेव्हा काही कंपन्यांनी प्रवर्तकांच्या घरातल्याच स्त्रीचे नाव घातले, अशी टीका झाली. म्हणून सेबीने पुढचे पाऊल उचलले. १ एप्रिल २०१९ पासून सर्वांत मोठ्या ५०० आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वांत मोठ्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक नेमणे आवश्यक झाले. याचा उपयोग झाला. पण कायदा एक खुर्ची राखून ठेवू शकतो, तिथवर पोहोचण्याची पंचवीस वर्षांची वाट तयार करू शकत नाही. ती वाट रोजच्या लहान निर्णयांतून तयार होते, आणि ते निर्णय आपल्यासारखेच लोक घेतात.

निष्काम कर्म कोणासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फळाची आसक्ती सोडायची, तर पगाराचा विचार का करायचा?

भाषांतराची सेवा करताना एक गोष्ट मला नेहमी थांबवते. इंग्रजीतल्या "सर्व्हिस" या एका शब्दासाठी मराठीत वाक्य पाहून कधी "सेवा" लिहावे लागते, तर कधी "नोकरी". चुकीचा शब्द पडला की वाक्याचा अर्थच बदलतो. सेवा आपण आपल्या इच्छेने देतो, तिचे मोल मागत नाही. नोकरी हा करार असतो. त्यात एक बाजू काम देते आणि दुसरी मोबदला देते. पुरुषाच्या कामाबाबत समाज या दोन शब्दांत गल्लत करत नाही. स्त्रीच्या कामाबाबत ती सहज होते. अंगणवाडी चालवणारी "सेविका", गावात आरोग्याचे काम करणारी आशा "स्वयंसेविका". दोघींना मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, "मानधन" म्हणतात. शब्दात मान आहे, पण त्याच शब्दामुळे वेतनाचा हक्क दूर राहतो.

निष्काम कर्माची शिकवण ही स्वतःच्या मनावर करायच्या कामाची शिकवण आहे. माझ्या कर्माच्या फळाला मी चिकटून राहू नये, हे मी मला सांगू शकते. दुसरीच्या फळावर हात ठेवून "तू आसक्ती सोड" असे तिला सांगण्याचा अधिकार मला कुठून आला? मालकाने कामगाराला, सासरच्यांनी सुनेला, संस्थेने कार्यकर्तीला ही शिकवण द्यायची आणि फळ मात्र आपल्याकडे ठेवायचे, हा त्या शिकवणीचा उलटा वापर आहे. त्याग करायलाही ती वस्तू आधी आपली असावी लागते. जे हातात आलेच नाही, त्याचा त्याग होत नाही, ते केवळ हिरावले गेलेले असते. तिला तिचे पूर्ण वेतन द्यावे. त्यातले किती ठेवायचे, किती घराला द्यायचे आणि किती सत्कार्याला, हे तिने ठरवावे.

म्हणून हा प्रश्न मला अस्तेयाचा वाटतो. पतंजलींनी सांगितलेल्या पाच यमांत अहिंसा आणि सत्य यांच्यानंतर अस्तेय येते. अस्तेयाचा अर्थ आपण चोरी न करणे एवढाच घेतो आणि आपण चोर नाही म्हणून निश्चिंत होतो. पण दुसऱ्याच्या हक्काचे आपल्याजवळ राहून गेले आहे हे कळल्यावरही ते परत न करणे, हेही स्तेयच आहे. असे पाहिले की समान वेतन हा केवळ भौतिक विषय राहत नाही. ध्यानाला बसणाऱ्या माणसासाठी तो रोजच्या यमनियमांपैकी एक होतो.

सेवाभाव आणि चोख हिशेब एकत्र राहू शकतात, याचे उदाहरण मुंबईतच आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिथे सर्व सदस्या एकमेकींना बहीण मानतात. पण म्हणून कोणी फुकट पापड लाटत नाही. प्रत्येकीला लाटलेल्या पापडाच्या वजनाप्रमाणे मोबदला मिळतो आणि सर्वजणी संस्थेच्या सहमालक असतात. कोणाकडून देणगी घ्यायची नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. बहिणीच्या नात्यामुळे हिशेब सैल झाला नाही, आणि हिशेबामुळे नात्यातला ओलावाही आटला नाही.

प्रत्येक फरक अन्याय असतो का?

नाही, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. कोणी स्वेच्छेने कमी तासांचे काम घेतले, वृद्ध आई-वडिलांसाठी काही वर्षे घरी राहण्याचे ठरवले, तर त्या काळात कमाई कमी होणार. जीवनात पैसा हे एकच मोजमाप नाही, हे तर आपण सर्वजण मानतो. प्रश्न एवढाच आहे, की ती निवड खरोखर निवड होती का. ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. हीच व्यवस्था उलट केली, म्हणजे घरी पती राहिला आणि दौऱ्यावर पत्नी गेली, तर घरातल्या सर्वांना ती तितकीच सहज वाटेल का? वाटत असेल, तर ती निवड आहे. वाटत नसेल, तर तो रिवाज आहे आणि आपण त्याला निवड हे नाव दिले आहे.

"पुरुषावर घर चालवण्याची जबाबदारी असते, म्हणून त्याला थोडे जास्त दिले तर काय बिघडले?" असेही विचारले जाते. पण वेतन कामाचे असते. गरजेप्रमाणे द्यायचे ठरवले, तर अविवाहित तरुणाला कमी आणि तीन मुलांच्या विधवा आईला सर्वांत जास्त द्यावे लागेल. तसे कोणीच करत नाही. याचा अर्थ हा नियम गरजेचा नाही, सवयीचा आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्यापैकी कोणाचे दुकान आहे, कोणाचा कारखाना आहे, कोणी कार्यालयात विभागप्रमुख आहे. अशा प्रत्येकाने एका संध्याकाळी पगाराचा तक्ता उघडून पाहावा. नावे झाकावीत, फक्त काम, अनुभव आणि पगार पाहावा, आणि मग नावे उघडावीत. जो फरक समजावून सांगता येत नाही, तो देणे आहे असे समजून फेडायला सुरुवात करावी. नव्या व्यक्तीचा पगार मागच्या पावतीवरून न ठरवता आपल्याकडच्या कामावरून ठरवावा. दूरच्या किंवा अवघड जबाबदारीसाठी स्त्रीचे नाव आपणच गाळू नये, तिला विचारावे. ती नाही म्हणाली तर ठीक आहे, पण पुढच्या वेळी पुन्हा विचारावे.

घरात पुरुषांनी त्या २८९ आणि ८८ मिनिटांचा हिशेब आपल्या घरापुरता मांडावा. बहिणीच्या परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाकघर कोण सांभाळतो, मुलाला ताप आला तर रजा कोण काढतो, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे. आणि भगिनींनी आपल्या कामाचा योग्य मोबदला विचारताना मनात संकोच धरू नये. आपले देणे मागणे हा लोभ नाही. शांतपणे, आकडे समोर ठेवून, कटुता न आणता ते मागता येते.

साधनेने मन निर्मळ होते असे आपण म्हणतो. ते निर्मळ झाले आहे का, हे आसनावर बसून पूर्णपणे कळत नाही. दुसऱ्याचे जे देणे आपल्याकडे आहे, ते त्याने न मागता आणि उपकाराची भावना न ठेवता आपल्या हातून दिले जाते का, यावरूनही ते कळते.